ऐकू न आलेलं वाक्य

सुईत लाल दोरा ओवता ओवता, एक डोळा बारीक करून, हंसाबाई सहज बोलून गेली आणि उत्तमसिंगच्या हातातला चहाचा कप तोंडापर्यंत पोचलाच नाही. विषय निघाला होता दुपारी येणाऱ्या पोरीचा. ऋजुता देवस्थळी तिचं नाव. पुण्याहून विमानानं नागपूरला उतरून, भाड्याच्या गाडीनं हैदराबादच्या रस्त्याला लागून ती पांढरकवड्याच्या अलीकडं वळणार होती आणि बंजाऱ्यांच्या या तांड्यावर येऊन उत्तमसिंगला एकच गोष्ट विचारणार होती: माझे बाबा विमान घेऊन जहाजावरून उडाले, त्याआधी ते तुमच्याशी शेवटचं काय बोलले? फोनवर तिनं हे आधीच सांगून ठेवलं होतं. फोन ठेवल्यापासून उत्तमसिंगचं जेवणावरून मन उडालं होतं, कारण या प्रश्नाचं उत्तर त्याच्याजवळ नव्हतं. हे त्यानं हंसाबाईला, आपल्या भावजयीला, सांगितलं. थोरला भाऊ गेल्यापासून घरात ती दोघंच, आणि सांगायला दुसरं होतं कोण. हंसाबाईनं दोरा ओठात धरून ओला केला.

"मंग सांगून दे ना काहीतरी चांगलं," ती म्हणाली. "बापाच्या तोंडचं. मी नाही का पुष्पाच्या तोंडचं म्हटलं होतं तुह्यापुढं."

"पुष्पाच्या तोंडचं? काय म्हटलं होतं?"

"पोरीले समुद्र दाखवजा म्हणून. पुष्पा कायची बोलते, बापा, वणीच्या दवाखान्यात दोन दिवस डोये तरी कुठं उघडले होते तिनं. मी रडण्यात म्हटलं थे. रडण्यात म्हणतेतच." आणि दोरा सुईतून गेला, तेव्हा तिनं समाधानानं गाठ मारली.

पुष्पा म्हणजे उत्तमसिंगची बायको, तान्ही पोर मागं ठेवून गेलेली. तो कप ओसरीवर ठेवून अंगणात आला. होळी होऊन गेली होती, पण अंगणाच्या कडेला गुलालाची लाल रेघ अजून मातीत होती, आणि ऊन सकाळीच टोचायला लागलं होतं. भांडणार तरी कुणाशी? हंसाबाई खोटं बोलली नव्हती. हेच तर त्याला सलत होतं. बंजारा बायका बऱ्याच दिवसांनी भेटल्या, किंवा कुणी गेल्यावर भेटल्या, की एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात, आणि साधं रडत नाहीत, सुरात रडतात. त्या सुरात सगळं येतं, माहेर येतं, मेलेली म्हैस येते, आणि जो गेला त्याच्या तोंडचे शब्दही येतात. रडणारीच्या मनाला येईल ते ती मेलेल्याच्या तोंडी घालते. ऐकणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतं की बोलते आहे ती ही, तो नव्हे. त्याची शहानिशा कुणी करत नाही, अंगाईतल्या चांदोबाची करत नाहीत तशी. हे तांड्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. कळलं नाही ते फक्त उत्तमसिंग राठोडला, कारण मिसरूड फुटायच्या आत तो नौदलात भरती झाला होता, आणि तिथं त्याला शिकवलं होतं की माणूस बोलला ते जसंच्या तसं पुढं सांगायचं. हुकूम मिळाला की तोच हुकूम आपल्या तोंडानं परत म्हणून दाखवायचा, एक शब्द इकडचा तिकडं नको. म्हणून जहाजावर पुष्पा गेल्याची तार आली, आणि तारेनंतर किती तरी दिवसांनी बोट, रेल्वे, एस. टी. असं करत तो तांड्यावर पोचला, आणि हंसाबाई पुष्पाच्या तान्ह्या पोरीला छातीशी धरून, बाकीच्या बायकांच्या गळ्यात पडून, सुरात म्हणाली की माझ्या लेकराला समुद्र दाखव रे, तिच्या बापाचं घर जिथं आहे ते पाणी तिला दाखव, तेव्हा त्यानं मनातल्या मनात ते वाक्य परत म्हणून घेतलं. पुष्पा हे बोलली. मिळालं, कळलं. आणि आज सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी कळत होतं की पुष्पा काहीच बोलली नव्हती, ती नुसती गेली होती.

त्या वाक्यावर तो किती चालला होता याचा हिशेब आता कसा लावायचा. ती पोर, रंजिता, पाच वर्षांची झाल्याबरोबर तो तिला गोव्याला घेऊन गेला होता. हंसाबाईनं तिच्या केसांना तेल चोपडून दोन घट्ट वेण्या घातल्या होत्या आणि गाडीत पोरगी उलट्या करून करून अर्धी झाली होती. नौदलाच्या तळाच्या पलीकडच्या किनाऱ्यावर त्यानं तिला खांद्यावरून खाली वाळूत ठेवलं आणि म्हटलं, हा बघ, तुझ्या याडीनं, तुझ्या आईनं, दाखवायला सांगितला होता. पोरीनं समुद्राकडं पाहिलं, मग त्याच्याकडं पाहिलं, आणि विचारलं, याडी यात आहे का? उत्तमसिंगला तेव्हा रडू फुटलं होतं, पण ते चांगलं रडू होतं, पुष्पाचं काम केल्याचं. पुढं रंजिता शिकली, नर्स झाली, नागपूरच्या दवाखान्यात लागली, लग्न झालं, आणि आता तिच्या फोनवर नाव यायच्या आधी समुद्राचा फोटो येतो. तिच्या लेकरांनाही ती सांगते की तुमची आजी मरताना म्हणाली होती. रंजिताला यातलं काही कळू द्यायचं नाही, एवढं उत्तमसिंगनं अंगणातल्या अंगणात ठरवून टाकलं. ठरवल्यावर त्याला कळलं की आता तोही हंसाबाईच्याच ओळीत जाऊन बसला.

तो रस्त्याला लागला. कुठं जायचं असं नव्हतं, पण बसवत नव्हतं. तांड्यापासून मोठ्या रस्त्यापर्यंतची वाट मुरमाची, आणि त्या वाटेनं तो नेहमीसारखाच चालला, मान खाली, पाऊल सावकाश. नौदलातून आल्याला इतकी वर्षं झाली तरी ही चाल गेली नव्हती. जहाजावर रोज सकाळी, विमानं बाहेर काढायच्या आधी, सगळे जण खांद्याला खांदा लावून डेकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे. साहेब, खलाशी, स्वयंपाकी, सगळे एका ओळीत, सगळ्यांच्या माना खाली, सगळे काहीतरी शोधत. एखादा स्क्रू, तारेचा तुकडा, बटण, खडा. एवढासा खडाही विमानाच्या इंजिनानं ओढून घेतला तर इंजिन जातं, आणि इंजिन गेलं की माणूस जातो. नवीन असताना उत्तमसिंगला ती ओळ पाहून तांड्यातली म्हातारी आठवायची, पेरणीआधी वावरातले दगड वेचणारी. आता तो तांड्याच्या वाटेवरचे खिळे, टोकदार खडे, गाडीचे पडलेले नटबोल्ट उचलून खिशात टाकत चालायचा, आणि मोठ्या रस्त्यावर पंक्चरचं दुकान असलेला जलाल त्याला बघून कपाळाला हात लावायचा. आजही लावला.

"फौजी, तू असा रस्ता झाडत राह्यला तर माह्यी पोरं काय खाईन?" जलाल म्हणाला. "एखादा खिळा तरी राहू दे."

उत्तमसिंगनं खिशातून एक बोल्ट काढून त्याच्या टेबलावर ठेवला. एरवी तो यावर काहीतरी उलट बोलायचा आणि दोघं हसायचे. आज तो न हसता बाकावर टेकला, तेव्हा जलालनं काहून, कायले असं काही विचारलं नाही, ट्रकचं चाक फिरवत राहिला.

आंध्राकडं कोळसा नेणारे ट्रक, कापसाच्या गाठींचे ट्रक, एकामागून एक. उत्तमसिंगचा डावा कान डेकवरच राहिला होता, त्यामुळं त्या बाजूनं ट्रक आला की आधी जमीन कळायची, मग आवाज. त्याला वाटलं, आपली सगळी जातच माल वाहणाऱ्यांची. त्याचा आजा धावजी सांगायचा की पूर्वी आपली लदेणी असायची, बैलांच्या पाठीवर मीठ लादून तांडेच्या तांडे चालायचे, आणि समुद्र कुणी पाहिला नव्हता तरी त्याची चव प्रत्येक बंजाऱ्याच्या जिभेवर होती. धावजी नातू नौदलात गेल्यावर म्हणाला होता की हा उलटा निघाला, मिठाच्या मागं मिठाच्या घरी गेला. आणि खरंच, विमानवाहू जहाज पहिल्यांदा पाहिलं तेव्हा उत्तमसिंगला भीती वाटली नव्हती. चालता तांडाच होता तो. लोक होते, चूल होती, भांडणं होती, आणि पाठीवर विमानं होती.

त्या विमानांच्या तुकडीच्या बिल्ल्यावर खंड्या होता, पाण्यात सूर मारणारा निळा पक्षी, म्हणून ती खंड्यांची तुकडी. उत्तमसिंग तिच्यात आला तेव्हा तुकडी म्हातारी झाली होती. तिची पहिली विमानं शेपटीचा आकडा डेकवरच्या तारेत अडकवून थांबायची, आणि तार चुकली की सरळ पाण्यात जायची, अशा गोष्टी जुने लोक रमच्या ग्लासावर सांगायचे. उत्तमसिंगच्या वाट्याला आली ती हवेत थांबून उभ्यानं उतरणारी विमानं. उतरताना ती डेकवर अशी लोंबकळायची की खाली उभ्या माणसाचे दात हलायचे. मग तीही म्हातारी झाली. त्यांचे सुटे भाग मिळेनात, एकाचं काढून दुसऱ्याला लावायची वेळ आली. एका वर्षी शेवटचं विमान उडालं, तुकडीचा झेंडा गुंडाळला, आणि पुढं जहाजही भंगारात गेलं. पश्चिमेकडच्या कुठल्याशा किनाऱ्यावर ते ओढून नेलेलं त्यानं फोनवर पाहिलं होतं. पोट फाडलेलं. ज्या डेकवर एक खडा राहू दिला नाही तो डेक तुकडे तुकडे होऊन चिखलात पडला होता, आणि ते पाहून त्या दिवशी तो हंसाबाईवर उगीच खेकसला होता. आता तुकडी त्याच नावानं पुन्हा उभी राहिली आहे, नवी विमानं, नवी पोरं. कुणी तरी निवृत्त कमांडरसाहेब तिचा इतिहास लिहितात. जाडजूड पुस्तक व्हायचं आहे. त्यांनीच महिन्यापूर्वी फोन करून विचारलं की राठोड, देवस्थळीचं विमान तुझ्या ताब्यात होतं ना? आणि पुस्तकात त्या दिवसाबद्दल काय येणार ते वाचून दाखवलं. एका लांब वाक्याचा मागचा अर्धा भाग होता तो. सरावादरम्यान एक विमान व त्याचा वैमानिक समुद्रात गमावला. पुढच्या वाक्यात तुकडीला बक्षिसाची ढाल मिळाली. साहेब भले होते, म्हणाले, अजून काही असेल तर सांग, जागा करतो. उत्तमसिंग म्हणाला, काही नाही, साहेब. पण साहेबांनी त्याचा नंबर देवस्थळींच्या मुलीला दिला.

काही नाही म्हणाला खरा. आणि होतं ते कुणाला सांगण्यासारखं तरी होतं का? लेफ्टनंट कमांडर देवस्थळी उंच, किडकिडीत, शिडीवर चढताना कायम एक पायरी गाळणारा माणूस. ज्याच्या ताब्यात विमान असतं तो मेकॅनिक वैमानिकाला बसवतो, खांद्यावरचे पट्टे ओढून बांधतो, अगदी शाळेत जाणाऱ्या पोराचं दप्तर बांधावं तसं, आणि मग बसायच्या जागेखालची पिन काढतो. वैमानिकाला बाहेर फेकणारी बंदूक असते त्या जागेखाली. पिन असेपर्यंत ती उडत नाही. पिनला लांब लाल फीत असते. मेकॅनिक खाली उतरतो, शिडी काढतो, विमानासमोर उभा राहून ती पिन उंच धरून दाखवतो, म्हणजे तुझी पिन माझ्याजवळ आहे, आता तू जायला मोकळा. वैमानिक ती पाहतो आणि अंगठा वर करतो. विमान परत आलं की त्यानं हलायच्या आत पहिली ती पिन आत जायला हवी. तोवर मेकॅनिक पिन घेऊन डेकवर वाट बघतो. बसू नये असा काही नियम नव्हता. पण खंड्यांच्या तुकडीत कुणी बसायचं नाही. आपलं विमान वर असताना खाली बसणं म्हणजे घरचं माणूस दवाखान्यात असताना पंगतीला बसण्यासारखं वाटायचं.

तार आली होती तेव्हा देवस्थळीनंच त्याला बाजूला घेतलं होतं. सुट्टीचा कागद त्यांनीच सह्या करून फिरवला, जहाज बंदराला लागेपर्यंत रोज एकदा येऊन ते काही न बोलता त्याच्याजवळ उभे राहायचे, आणि उत्तमसिंग परत आल्यावर त्यांनी विचारलं होतं, "शेवटी काही बोलली का रे?" उत्तमसिंगनं समुद्राचं वाक्य सांगितलं. देवस्थळी पाण्याकडं बघत म्हणाले की मग दाखव बाबा, टाळू नको. त्यांची बायको तेव्हा पुण्यात पोटुशी होती. वर्षही झालं नव्हतं पुष्पाला जाऊन. त्या शेवटच्या दुपारी डेकवर इतकं ऊन होतं की शिडीला हात लावला तर चटका बसायचा. शेजारची दोन विमानं आधीच सुरू झाली होती, त्यामुळं कानावर जाड टोपणं, आणि तरी डोक्यात नुसता आवाजच आवाज. उत्तमसिंगनं पट्टे बांधले, पिन काढली, उतरला, शिडी काढली, समोर उभं राहून लाल फीत वर धरली. देवस्थळींनी पिन पाहिली. मास्क अजून एका बाजूला लोंबत होता. त्यांनी उत्तमसिंगकडं पाहिलं, सरळ त्याच्या तोंडाकडं, आणि काहीतरी बोलले. ओठ हलले. एखादं छोटं वाक्य म्हणायला लागतो तेवढा वेळ. मग मास्क लावला, काच बंद झाली, अंगठा वर गेला, आणि उत्तमसिंगनंही अंगठा वर केला, दुसरं करणार काय. विमान गेलं, ते परत आलं नाही. चौकशी झाली, पिन साहेब लोकांनी लिफाफ्यात घालून नेली, इंजिनात बिघाड ठरला, कुणाचा दोष नाही असं ठरलं. मास्क लावल्यावर माणूस बोलला तर ते रेडिओवर जातं, कुठं ना कुठं राहतं. हे मास्क लावण्याआधीचं होतं. ते फक्त उत्तमसिंगसाठी होतं, आणि त्याच्यापर्यंत पोचलं नाही.

इतक्या वर्षांत त्यानं ते ओठ किती वेळा हलवून पाहिले होते. कधी वाटायचं नाव घेतलं, राठोड. कधी वाटायचं काहीतरी बिघडल्याचं सांगत होते, आणि तेव्हा तो चौकशीचा निकाल शब्दन् शब्द पुन्हा म्हणून बघायचा. कधी नुसतंच, येतो. आज जलालच्या बाकावर बसून तो पहिल्यांदाच दुसऱ्या कामाला लागला, त्या ओठांवर बेतून वाक्य शिवायच्या. माझ्या लेकराला सांग. नको, पोटातल्या लेकराला कोण निरोप देतं. घरी फोन कर. हे बरं होतं, खरं वाटण्यासारखं. यायला उशीर झाला तर घरी फोन कर, तिची काळजी घ्या म्हण. पोरीला हे आयुष्यभर पुरेल. त्याला नव्हतं का पुरलं? पुष्पाच्या न बोललेल्या वाक्यानं त्याला समुद्राकाठी नेलं, पोरीला जवळ आणलं, एकट्या बाप्याचं घर उभं ठेवलं. खोट्यानं काही वाईट केलं होतं का? आणि तरी सकाळपासून असं वाटत होतं की पुष्पा आज दुसऱ्यांदा गेली. आधी गेली तेव्हा निदान काहीतरी मागून गेली होती. आता तिनं काही मागितलंच नव्हतं, दोन दिवस डोळे मिटून ती एकटी पडली होती वणीला, आणि तो पाण्यावर होता.

पांढरी गाडी मोठ्या रस्त्यावरून वळली ती त्यानं बाकावरूनच पाहिली आणि उठला. गाडीच्या मागं मागं, धुळीतून, मान खाली घालून तो तांड्यावर पोचला तेव्हा ऋजुता दारात उभी होती. बापाइतकीच उंच. जीन्सवर खादीचा कुर्ता, खांद्याला पिशवी, आणि चेहऱ्यावर परक्या घरी आलेल्या माणसाचं सांभाळून ठेवलेलं हसू. तो नमस्कार करणार तेवढ्यात हंसाबाई कशिदा टाकून पुढं झाली, तिनं पोरीच्या गळ्यात हात घातले आणि रडायला सुरुवात केली. सुरात. पोरगी आधी काठीसारखी ताठ झाली. तिनं उत्तमसिंगकडं पाहिलं, पण या रडण्यात पुरुषानं मध्ये पडायचं नसतं, तो चपला काढत बसला. गोरबोलीतलं, बंजाऱ्यांच्या बोलीतलं, ते लांबलचक रडणं, श्वास तुटेपर्यंत एक ओळ, मग हुंदका, मग पुढची ओळ. हळूहळू पोरीचा एक हात हंसाबाईच्या पाठीवर आला, ओढणीवरच्या आरशांवर थांबला, आणि मग तीही रडायला लागली, आपल्या पद्धतीनं, आवाज न करता. आई याच वर्षी गेली, हे तिनं फोनवर सांगितलं होतं. कदाचित त्यानंतर तिला असं धरून कुणी रडलंच नसेल.

रडणं थांबलं, पाणी झालं, चहा झाला. हंसाबाई डोळे पुसून, काही झालंच नाही अशी, परत सुई घेऊन बसली.

"काका, त्या मघाशी काय म्हणत होत्या?" ऋजुतानं विचारलं. "बाबांबद्दल होतं का काही?"

हंसाबाईची सुई थांबली. तिला मराठी चांगलं कळायचं. उत्तमसिंगला तिची नजर कळत होती: दे, तिच्या पदरात टाक काहीतरी.

"होतं," तो म्हणाला. "तुमचे बाबा म्हणतेत, पाण्यात माझं घर झालं, पाखरा, तुझं तोंड पाहायचं राहून गेलं. तू आता माझ्या वाटेकडं पाहू नको. असं म्हणल्या त्या."

ऋजुताचा चेहरा असा उघडला की उत्तमसिंगला खाली बघावंसं वाटलं. "हे बाबा म्हणाले होते? तुम्हाला?"

एवढंच होतं, एक हो. तेवढं म्हटलं असतं तर पोरगी ते वाक्य घेऊन पुण्याला गेली असती, आपल्या लेकरांना सांगितलं असतं. आणि मग कुठल्या तरी सकाळी, म्हातारपणी, कुणीतरी चहा पिता पिता सहज बोलून गेलं असतं.

"नाही," उत्तमसिंग म्हणाला. "हे आमच्याकडचं रडणं आहे, बेटा. हे वहिनीचं बोलणं. तिनं मनापासून दिलं तुम्हाले, ते ठेवा. पण तुमचे बाबा हे नाही बोलले."

"मग काय बोलले?"

"बोलले. मास्क लावायच्या आधी, माझ्या तोंडाकडं पाहून बोलले. मले ऐकू नाही आलं. इंजिनं चालू होती. इतके वर्ष झाले, मी रोज पाहतो ते. आजही तुम्ही यायच्या आधी बसून पाहत होतो. नाही समजत."

बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. मग ती सावकाश म्हणाली, "तुम्ही मला काहीही सांगू शकला असता."

"हो."

"मी मानलं असतं."

"म्हणूनच, बेटा."

तिनं चेहरा फिरवला. उत्तमसिंगला वाटलं, ही आता उठेल, एवढ्या दूर येऊन हातात ठेवलं काय तर न ऐकू आलेलं बोलणं. पण ती उठली नाही. तिनं विचारलं, बाबा शिडी कशी चढायचे? तेव्हा त्यानं पायरी गाळण्याचं सांगितलं. पट्टे बांधताना ते काय करायचे? डोळे मिटायचे, म्हणायचे राठोड, जरा ढिला ठेव, मी काय कापसाची गाठ आहे? जेवायचे काय? सगळं, फक्त जहाजावरचं कस्टर्ड नाही, ते साहेब गुपचूप उत्तमसिंगच्या ताटात सरकवायचे, आणि उत्तमसिंगलाही ते आवडायचं नाही पण साहेबाला कोण नाही म्हणणार. ऋजुता हसली. हसताना तिचा वरचा ओठ डावीकडं जरा जास्त उचलला गेला, आणि उत्तमसिंगचं बोलणं तुटलं, कारण तो ओठ त्यानं रोज पाहिला होता. पिन वर धरल्याचं, फीत वाऱ्यावर फडफडल्याचं त्यानं सांगितलं. विमान परत येईना तेव्हा आपण तिथंच उभे होतो, आणि शेवटी दोघांनी धरून खाली नेलं, हेही सांगितलं. हे त्यानं आजवर हंसाबाईलाही सांगितलं नव्हतं. ती सुई हातात धरून ऐकत होती, आणि मध्येच, कुणाला उद्देशून नाही अशी, म्हणाली, "मले काय मालूम, तू थे खरं धरून बसशीन. मले वाटलं, तुले समजते." उत्तमसिंगनं मान हलवली. राग नव्हता. पण पुष्पाच्या जागी जी शांतता आली होती ती त्यामुळं कमी झाली नाही, आणि होणारही नव्हती.

निघताना हंसाबाईनं पोरीला कशिद्याचा एक चौकोनी तुकडा दिला, लाल दोऱ्याचा, मध्ये आरसा. विमान संध्याकाळचं होतं, गाडीवाला घाई करत होता. ऋजुता मागच्या सीटवर बसली, काच वर केलेली, आत थंड हवा सुरू. उत्तमसिंग गाडीसमोर जरा बाजूला उभा राहिला, ड्रायव्हरला वळायला जागा दिसावी म्हणून, दोन्ही हात वर करून, पंजे मागं पुढं करत, जसं डेकवर विमानांपुढं आयुष्यभर केलं तसं. गाडी वळली. तेवढ्यात मोठ्या रस्त्यावरून कोळशाच्या ट्रकांची ओळ हॉर्न वाजवत निघाली. काचेमागून ऋजुतानं त्याच्याकडं पाहिलं, सरळ तोंडाकडं, आणि काहीतरी बोलली. ओठ हलले. एखादं छोटं वाक्य म्हणायला लागतो तेवढा वेळ.

उत्तमसिंगचा उजवा हात आपसूक वर आला. अंगठा अर्धा उघडला होता. त्यानं तो हात खाली घेतला, दोन ढांगांत गाडीपाशी जाऊन काचेवर बोटांनी वाजवलं. एकदा वाजवून थांबला नाही, वाजवत राहिला. ड्रायव्हरनं दचकून ब्रेक दाबला. काच खाली आली.

"काय म्हणली?" त्यानं विचारलं. त्याचा आवाज चिरकला होता. "आता काय म्हणली तू?"

"काही नाही, काका," ऋजुता गोंधळून म्हणाली. "ऊन फार आहे, उन्हात उभे राहू नका, आत जा, एवढंच म्हटलं."

एवढंच. त्या दिवशीही ऊन होतं, शिडीला हात लावला तर चटका बसायचा असं. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यानं ते पुसलं नाही.

"जातो," तो म्हणाला. "जातो बेटा. तू जा."

काच वर गेली. गाडी मुरमाच्या वाटेनं मोठ्या रस्त्याकडं गेली, ट्रकांच्या ओळीत शिरली आणि दिसेनाशी झाली. हंसाबाई ओसरीतून हाका मारत होती, उत्तम, आत ये, जेवून घे. तो तिथंच उन्हात उभा राहिला.